सर्पगंधेचे दाखले

संशोधकाचे मोठेपण मोजायचे कसे? विद्यापीठांत आज एक सोपा हिशेब चालतो. त्याने लेख किती लिहिले आणि दुसऱ्यांनी आपल्या लेखांत त्यांचा दाखला किती वेळा दिला, ते मोजायचे. अमेरिकेत यूजीन गारफील्ड या गृहस्थांनी १९६० च्या दशकात अशा दाखल्यांची सूची छापायला सुरुवात केली. पुढे तिच्यावर नेमणुका आणि बढत्या ठरू लागल्या. हा हिशेब कितपत खरा, हे पाहायला आपल्याच देशातली एक मुळी पुरेशी आहे. ती म्हणजे सर्पगंधा.

सर्पगंधेचा उपयोग वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या मासिकात तिच्यावर लेख लिहिला. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवरचे हे नवे भारतीय औषध आहे, असे त्याच्या मथळ्यातच म्हटले होते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी या मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले. पण परदेशात या कामाकडे कोणी फारसे पाहिले नाही. कलकत्त्याचे मासिक लंडन-बोस्टनच्या डॉक्टरच्या टेबलावर येणार कुठून?

मग आले मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ते हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना ही मुळी देऊन दाब किती उतरतो ते मोजले, आणि १९४९ मध्ये तो लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. आता चक्र फिरले. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून तिकडे औषधाची परीक्षा घेतली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रेझर्पिन’ वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या गुणाचा लेख लिहिला. १९५७ साली लास्कर पारितोषिक वाटले गेले, तेव्हा मानकऱ्यांत वकीलही होते आणि क्लाइनही. एक रक्तदाबासाठी, दुसरे वेडासाठी! सेन-बोस यांच्या मथळ्यातले दोन्ही शब्द सव्वीस वर्षांनी खरे ठरले, पण मथळा लिहिणारे त्या यादीत नव्हते.

वकिलांनी कुणाचे श्रेय लाटले, असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. मोजमाप त्यांचे होते, आणि लेख जगाच्या बाजारात नेण्याचे शहाणपणही त्यांचेच. वाशीमचा शेतकरी हळद रिसोडला नेतो की हिंगोलीला, यावर पट्टीवरचा आकडा बदलतो. हळद तीच असते. दाखल्यांचा आकडाही तसाच आहे. मालाबरोबर तो बाजारही मोजतो.

गोष्ट इथे थांबली नाही. रेझर्पिनने माणूस शांत का होतो, हे शोधताना मेंदूच्या रसायनांचे दार उघडले. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की त्याने शरीरातील ‘सेरोटोनिन’चा साठा रिता होतो. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेझर्पिनने निपचित पडलेल्या जनावरांना लेव्होडोपा टोचले आणि ती पुन्हा हिंडूफिरू लागली. त्यातूनच पुढे कंपवाताचा उपचार निघाला, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. जाता जाता सांगतो: आपल्या बांधावरच्या खाजकुहिलीच्या बियांत हाच लेव्होडोपा असतो, आणि तो त्यात असल्याचे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्येच छापले होते. (म्हणून कुणी बिया खायला जाऊ नये. सर्पगंधेचेही तेच. रेझर्पिनने काही रोग्यांच्या मनावर उदासी येते असे दिसले, म्हणून पुढे त्याचा वापरही ओसरला.)

आता पाहा, मेंदूवर लिहिणाऱ्याने रेझर्पिनचा उल्लेख केला तर तो फार तर स्विस लेखाचा दाखला देतो, पुढेपुढे तोही देत नाही. औषध घरोघरी माहीत झाले की ते कुणी दाखवले हे लिहिण्याचे कारण उरत नाही. परळचा लेख आकड्यांतून असा हळूहळू मागे पडतो. कलकत्त्याचा तर मुळात पुढे आलाच नव्हता.

वकिलांनी मात्र एक गोष्ट केली, आणि शिक्षक बंधुभगिनींनी ती वर्गात जरूर सांगावी. १९५५ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकन मासिकाने त्यांचा एक मोठा लेख छापला. आपले नाव गाजत असताना त्यात त्यांनी स्वतःच्या रोग्यांपुरते लिहिले नाही. सर्पगंधेवर तोवर झालेल्या कामाचा मागोवा घेतला. त्यात सिद्दीकी आहेत, आणि १९३१ चे सेन आणि बोसही आहेत.