विस्थापित कामगार आणि राज्याचा जमाखर्च

नारायण सुर्व्यांच्या कवितेपासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत गिरणी कामगार आपण वाचतो, वर्गात शिकवतो. त्याचे काम गेल्यावर सरकारने त्याच्यावर कोणत्या शीर्षाखाली आणि किती काळ खर्च केला, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. आम्हांस तो टाळण्याजोगा वाटत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने आजारी गिरण्या बंद होऊ देण्याची तयारी दाखवली आणि तिची भरपाई म्हणून १९८६ मध्ये केंद्राचा वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी आला. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५, आणि मग काही नाही. शिवाय गिरणी कायमची बंद झालेली हवी, नोकरी सलग पाच वर्षांची हवी, वेतन ठरावीक मर्यादेत हवे. मुंबईतल्या कित्येक गिरण्या तर वर्षानुवर्षे धड चालूही नव्हत्या आणि कायद्याने बंदही नव्हत्या. १९९१ मध्ये आयातीचे दरवाजे उघडू लागल्यावर, फेब्रुवारी १९९२ मध्ये, राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. उद्देशांत पुनर्प्रशिक्षण होते. पैसा मुख्यतः सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर गेला. एकरकमी देणे तिजोरीला सोयीचे असते, कारण त्यानंतर त्या माणसाचे खाते बंद होते.

अमेरिकेचा अनुभव येथे बोलका आहे. परदेशी मालामुळे बेकार झालेल्यांना साहाय्य देणारा तेथील कायदा १९६२ चा. पण अटी इतक्या कडक, की १९६९ च्या अखेरीपर्यंत एकाही अर्जाला मंजुरी मिळाली नाही. १९७४ मध्ये अटी सैल झाल्या, मोटार उद्योगात कपात झाली आणि १९८० च्या वित्तीय वर्षात लाभांचा खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलरवर गेला. लगेच १९८१ मध्ये रेगन सरकारने कात्री लावली. १ जुलै २०२२ पासून नव्या मंजुऱ्याच थांबल्या. म्हणजे अशा योजनेचा आकडा बेकारांच्या संख्येपेक्षा अटींवरच अधिक ठरतो.

याउलट आपल्याच राज्यातली रोजगार हमी. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचे. त्यासाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि तेवढीच भर राज्याने घालायची. वसूल झालेला सारा पैसा कामांवर खर्च होत नाही, ही तक्रार जुनी आहे. तरी येथे खर्च मागणीने ठरावा, असे निदान कायदा म्हणत होता.

शहापूर-मुरबाड हा या हमीचा खरा मुलूख. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यातल्या. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि इथला कातकरी पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातो. त्याच्या रस्त्याच्या, बंधाऱ्याच्या मजुरीत मुंबईच्या पगारदाराचा वाटा होता. ज्याचे वेतन कराच्या पट्ट्यात येई, त्या गिरणी कामगाराचाही. हाच कामगार पुढे बेकार होऊन अशा एखाद्या गावी परतला, तर ज्या हमीत त्याने कर भरला तिच्याकडे तोही काम मागू शकत होता. मिळे ते खडी फोडण्याचे, माती वाहण्याचे. तीस वर्षे मागावर बसलेल्या हातांसाठी हजेरीपटात वेगळा रकाना नव्हता.