खिळा कोणाचा, अक्षर कोणाचे?

दलित पत्रकारितेचा इतिहास लिहिताना आपण संपादकांची नावे घेतो, अग्रलेखांची चर्चा करतो, थकलेल्या वर्गणीचेही दाखले देतो. पण ते अग्रलेख कागदावर उतरले कसे? त्यांचे खिळे कोणाच्या छापखान्यात जुळवले गेले? जुळाऱ्याच्या केसमध्ये कोणते अक्षर होते आणि कोणते नव्हते? हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ती कारागिराची बाब, विचारवंताने त्यात काय पाहायचे, अशी एक समजूत आपल्यातही मुरलेली आहे. हाताचे काम हलके आणि डोक्याचे काम थोर, ही वाटणी ज्या व्यवस्थेने केली तिचे बळी आपणच. तरी ती वाटणी आपल्याच अभ्यासात शिल्लक राहावी, याचे मला आश्चर्य वाटते. अक्षरजुळणीचा प्रश्न हा सत्तेचा प्रश्न आहे. तो काल होता आणि संगणकाच्या काळात आजही आहे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

१

मराठी खिळ्यांचा आरंभ कोणाच्या गरजेतून झाला ते पाहा. विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील सेरामपूरला छापले गेले. १८१० चा त्याचाच मराठी कोश मोडी खिळ्यांत निघाला. गरज होती ती मिशनऱ्यांची आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांची. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात देवनागरी खिळे सुधारत गेले. तेथे पोरवयात तुटपुंज्या पगारावर राबलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरी अक्षराचे सौंदर्य कोणीही नाकारणार नाही. पण ते अक्षर ज्यांच्यासाठी घडले ते ग्रंथ प्रामुख्याने संस्कृत होते. संस्कृतला लागणारी जोडाक्षरे घडवण्यात कसर राहिली नाही, कारण त्या ग्रंथांना गिऱ्हाईक होते. खिळा शिशाचा असतो, त्याला पैसा लागतो. ज्याचे गिऱ्हाईक नाही ते अक्षर ओतले जात नाही.

देवनागरीची जुळणी हे कामही सोपे नव्हते. इंग्रजीला दोन केसी पुरत; देवनागरीला चार लागत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे मिळून खिळ्यांची शेकडो घरे भरत. जुळारी 'कि' जुळवताना आधी वेलांटी उचली, मग 'क'. म्हणजे उच्चाराच्या क्रमाने नव्हे, दिसण्याच्या क्रमाने. ही सवय वाचकांनी लक्षात ठेवावी. शंभर वर्षांनी ती पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

इतकी यातायात आणि इतका पैसा ज्यात, ते साधन अस्पृश्याच्या हाती सहजी कसे येणार? शाळेच्या ओट्याखाली बसून अक्षर शिकलेल्याने छापखान्याच्या आत जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

२

तरीही माणसे आत गेली. १९०८ साली पुण्याला शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढले. आणि आमच्या नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखानाच उभा केला. मोहप्याचा हा माणूस. १९०७ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली आणि १९१० पासून 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी पत्रे चालवली. बनसोड्यांच्या भक्तिमार्गी भूमिकेशी पुढच्या पिढीचे मतभेद झाले, आपलेही असतील. पण शाळा आणि छापखाना ही दोन कामे एकाच माणसाने जवळजवळ एकाच वेळी हाती घ्यावीत, यातील दृष्टी मोठी आहे. वाचणारा घडवायचा तर त्याला वाचायला देणारे यंत्रही आपल्याच हाती हवे, हे या माणसाला उमगले होते.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ मात्र पुरता लक्षात घेतला जात नाही. दुसऱ्याच्या पानावर जागा विकतही मिळत नाही, हा त्याचा अर्थ. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले तेव्हा मजकुराचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. रकाना हा शब्द आपण सहज वापरतो; पण जुळाऱ्याचा रकाना रिकामा राहू शकत नाही, तो भरावाच लागतो, हे ज्याने पत्र चालवले त्यालाच कळते. पुढे बाबासाहेबांनी भारतभूषण छापखाना उभारला. 'जनता' तेथे छापले जाऊ लागले, यशवंतरावांनी त्या छापखान्याचा कारभार वाहिला आणि धर्मांतरानंतर त्याचे नाव बुद्धभूषण झाले. २०१६ च्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले तेव्हा या छापखान्याची वास्तूही भुईसपाट झाली. त्याविरुद्ध मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. छापखान्यासाठी रस्त्यावर उतरणारा समाज महाराष्ट्रात दुसरा कोणता आहे?

साठनंतरच्या पिढीने निराळी वाट काढली. अनियतकालिकांच्या लाटेत सायक्लोस्टाइल आले. मेणाच्या स्टेन्सिलवर हाताने अक्षर कोरता येते, तेथे केस नाही, घर नाही, अमुक खिळा नाही ही सबब नाही. राजा ढाल्यांसारख्यांनी आपली पत्रके नि अनियतकालिके या काळात ज्या बंडखोरीने काढली, तिच्यात या साधनाचाही वाटा आहे. प्रस्थापितांच्या शुद्धलेखनाला आणि मांडणीला न जुमानण्याचे धैर्य विचारातून आले हे खरेच. पण स्टेन्सिलने ते धैर्य स्वस्त केले.

३

नव्वदच्या सुमारास डीटीपी आले आणि सीताबर्डीच्या गल्ल्यांतले खिळे जुळवणारे हात थांबले. आपली त्रैमासिके, विशेषांक, स्मरणिका, संशोधनाचे प्रबंध, सारे पेजमेकरवर होऊ लागले. काम झपाट्याने व्हायचे, खर्च कमी. पण या सोयीच्या आत एक खड्डा होता.

त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे एक प्रकारची उसनवारी होती. संगणक इंग्रजी अक्षरांचे आकडे ओळखत होता. फॉन्ट करणाऱ्यांनी त्या इंग्रजी आकड्यांच्या घरांत देवनागरी आकृत्या बसवल्या. पडद्यावर 'क' दिसायचा. संगणकाच्या लेखी ते एखादे इंग्रजी अक्षर वा चिन्हच असायचे. आणि प्रत्येक कंपनीची घरे निराळी. श्रीलिपीचा मजकूर आकृतीत उघडला की कचरा. शिवाय वेलांटी आधी आणि व्यंजन मागून, ही शिशाच्या केसची सवय तशीच पुढे आली. यंत्र बदलले, पण केस तीच राहिली.

त्याला उपाय निघाला होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतावली १९८८ ला आली आणि तिच्या आधारे १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची घरे मिळाली. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात आणि ती कशी दिसावीत हे फॉन्ट ठरवतो. परंतु पेजमेकरला युनिकोड कधीच आले नाही, आणि बाजार पेजमेकर सोडायला तयार नव्हता. त्यामुळे नव्वद ते दोन हजार दहा या वीसेक वर्षांचे आपले पुष्कळसे साहित्य अशा फायलींत अडकून पडले आहे की ज्यांत 'आंबेडकर' हा शब्द शोधला तर एकदाही सापडत नाही. मंडल, नामांतर, रमाबाई नगरचा गोळीबार, खैरलांजी, या सगळ्यांवर आपल्या माणसांनी त्याच काळात लिहिले. आजचा विद्यार्थी संगणकावर शोध घेतो, काही हाती लागत नाही, आणि या विषयावर दलित नियतकालिकांनी फारसे लिहिले नाही असा निष्कर्ष प्रबंधात नोंदवून मोकळा होतो. असे प्रबंध मी वाचले आहेत. आपले लेखन जाळावे लागत नाही, बंदी घालावी लागत नाही. ते सापडले नाही की पुरते.

४

दोन वर्षांपूर्वी माझ्या काही विद्यार्थ्यांनी आणि मी एका बंद पडलेल्या त्रैमासिकाचे निवडक अंक पुन्हा जुळवायला घेतले. माझे वडील गिरणी कामगार. घरातला पहिला पदवीधर मी. संगणकाचे शिक्षण मला नाही. एका विद्यार्थ्याने लाटेक् ही अक्षरजुळणीची पद्धती सुचवली. तिचे मूळ सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांना १९७७ साली आपल्या ग्रंथाची प्रुफे आली. ती त्यांना इतकी कुरूप वाटली की त्यांनी ग्रंथलेखन बाजूला ठेवले आणि जुळणीची स्वतःची पद्धती रचली. वर्षभराचे वाटलेले काम दहा वर्षे चालले, आणि ते त्यांनी जगाला फुकट दिले. तिच्यावर पुढे लाटेक् आणि युनिकोड जाणणारे झीटेक् उभे राहिले. यातला मजकूर साध्या फायलीत राहतो. कोणा कंपनीच्या कुलपात नाही.

पण अडचणी आल्याच. पहिली, जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या आणि रफार भलत्या अक्षरावर बसले. ते क्रम पालटून, नियम लिहून दुरुस्त केले. दुसरी अडचण मराठीची खास. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत केवढा फरक आहे! एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. रूपांतराच्या यंत्राने आमच्या मजकुरातल्या साऱ्या आचाऱ्यांना आचार्य करून टाकले, दऱ्यांचा दर्या केला. येथे नियम चालला नाही. प्रत्येक शब्द अर्थ पाहून वाचावा लागला. तिसरी अडचण म्हणजे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येत. फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी एवढेच सांगून भागत नाही, भाषा मराठी हेही सांगावे लागते. मग ज्या फॉन्टात मराठी वळण आहे त्यातून ते आपोआप येते. चौथी, अरुंद रकान्यात शब्दांमध्ये भगदाडे पडत. मराठी शब्द कोठे तोडावा याचे नियम या पद्धतीत उपलब्ध आहेत. ते चालू केल्यावर ओळी सावरल्या.

पाचव्या अडचणीने मात्र मला विचार करायला लावले. एका लेखात 'पञ्ञा' हा पाली शब्द वारंवार होता. जुन्या फायलीत तो कोठे 'पंञा', कोठे 'पन्ना', कोठे पाय मोडलेल्या ञ सह होता. आमच्या हाताखालून गेलेल्या जुन्या फॉन्टांत 'प्रज्ञा'तल्या 'ज्ञ'ला स्वतःचे घर होते; दोन ञ जोडायची सोय नव्हती. संस्कृतला ती क्वचितच लागते, पालीला पावलोपावली. दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या वंदनेच्या पुस्तिका उघडून पाहा, हीच तडजोड दिसेल. यात कोणाचा कट नाही. ज्याचे गिऱ्हाईक नाही ते अक्षर ओतले जात नाही, हा शिशाच्या काळचा नियमच पुढे चालला आहे, एवढेच. मग पालीची जोडाक्षरे नीट येतात असा फॉन्ट शोधला आणि संपूर्ण लेख हाताने दुरुस्त केला.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फॉन्टात एखाद्या अक्षराची आकृतीच नसेल, तर ही पद्धती काम थांबवत नाही. पान तयार होते, वरवर सुबक दिसते. गाळलेल्या अक्षराची नोंद पानावर नसते. ती लॉग नावाच्या निराळ्या फायलीत असते, आणि ती फाइल सहसा कोणी उघडत नाही. आम्ही ती रोज उघडण्याचा शिरस्ता पाडला. महाराष्ट्राच्या इतिहासाची सुबक पाने वाचणाऱ्या प्रत्येकाने हा शिरस्ता पाडून घ्यावा असे माझे मत आहे.

५

मजकूर महत्त्वाचा, अक्षराचे काय एवढे, असे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील. त्यांना माझा प्रश्न आहे: वसंत मून यांनी जुने अंक जिवापाड गोळा केले नसते, आणि १९९० साली 'बहिष्कृत भारत' व 'मूकनायक' शासनातर्फे ग्रंथरूपाने निघाले नसते, तर आज आपण कोणता मजकूर वाचला असता? मजकूर वाऱ्यावर टिकत नाही. तो कागदावर आणि अक्षरात टिकतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्यांच्याकडे जुन्या अंकांच्या सीडी, फायली पडून आहेत त्यांनी त्या फॉन्टासकट जपाव्यात. फॉन्ट हरवला की फाइल मुकी झाली. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. महाविद्यालयातील शिक्षकांनी दरवर्षी चार विद्यार्थ्यांना तरी एक जुना अंक जुळवायला लावावा. त्या निमित्ताने तो ते वाचतील, आणि मुद्रितशोधन करताना जसे वाचले जाते तसे परीक्षेसाठी कधीच वाचले जात नाही. हे काम कोणा दुकानदाराला देऊन मोकळे होण्याचे नाही. बनसोड्यांनी नागपुरात छापखाना घातला तेव्हा त्यांना लेखक मिळत नव्हते, वाचक घडवावे लागत होते. आज आपल्याकडे लेखक आहेत, वाचक आहेत, आणि छापखाना तर प्रत्येकाच्या टेबलावर आहे. उरले आहे ते हात काळे करण्याचे काम. तेवढे आपल्याला करता येण्यासारखे आहे.