जाळरेषेवरची माणसे

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. फार तर संतांची आणि सुधारकांची चरित्रे. वणवा विझविणाऱ्या मजुरालाही काही इतिहास असू शकेल, ही कल्पनाच प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु नोकरीनिमित्त ज्या मुलखात आमचे वास्तव्य आहे, त्या छत्तीसगडचे सुमारे ४४ टक्के क्षेत्र सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेले आहे, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने येथील वनखाते दरवर्षी आगीचा हंगाम म्हणून पाळते. त्या चार महिन्यांपुरती आसपासच्या खेड्यांतली माणसे रोजंदारीवर ठेवण्यात येतात. त्यांना ‘फायर वाचर’ म्हणतात. हा शब्द आता गोंडी-हलबी बोलणाऱ्यांच्याही तोंडी इतका रुळला आहे की त्याचे भाषांतर करण्याची कोणास गरज वाटत नाही.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात मराठी बोलणे कानावर पडले तर कोणी वळून पाहत नाही. भोसल्यांच्या अमदानीत आलेली घराणी आणि पुढे नागपूरच्या कचेऱ्यांतून बदली होऊन आलेली बिऱ्हाडे येथे केव्हाच मिसळून गेली. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर हीच होती. तेव्हा येथल्या जंगलाचा इतिहास हा एका अर्थी आपल्याच प्रांताचा इतिहास होय, आणि म्हणूनच तो आपल्या मासिकातून सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

मध्यप्रांत निर्माण झाला १८६१ साली. रेल्वेचे रूळ पसरू लागले होते आणि रुळांखाली घालावयाच्या स्लीपरांसाठी साग व साल यांची मागणी अफाट वाढली होती. जंगल हे उत्पन्नाचे साधन आहे हे सरकारला उमजले, तसे ते जळून जाऊ नये याचीही काळजी वाटू लागली. १८६४ साली वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिच ब्रँडिस या जर्मन गृहस्थाची पहिला महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास मध्यप्रांताचे कॉन्झर्व्हेटर पिअरसन यांनी पचमढीच्या पायथ्याशी असलेल्या बोरीच्या जंगलात एक प्रयोग केला. हिंदुस्थानातल्या जंगलाला उन्हाळ्यात आग लागावयाचीच, ती अडविणे मनुष्याच्या हातचे नाही, अशी तेव्हाच्या बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत होती. पिअरसन यांनी बोरी वाचवून दाखविले. देशातल्या पद्धतशीर अग्निसंरक्षणाचा आरंभ येथूनच धरतात. हे जंगल आज सातपुडा व्याघ्रप्रकल्पात मोडते.

या प्रयोगाचे मर्म म्हणजे जाळरेषा. पावसाळा संपला की जंगलाच्या कडेने आणि मधूनमधून ठरावीक रुंदीचा पट्टा आखावयाचा, त्यातले गवत आणि झुडपे कापून वाळू द्यावयाची, आणि थंडीत दव पडत असते तोवर वारा नसलेली वेळ पाहून तो पट्टा आपणच जाळून टाकावयाचा. उन्हाळ्यात आग चालून आली तर तिला या पट्ट्यात खावयास काही मिळत नाही. युक्ती सोपी आहे. पण तिच्यातली मेहनत मोठी आहे. पट्टा दरवर्षी नव्याने करावा लागतो आणि पानगळ सुरू झाली की पुन्हापुन्हा झाडावा लागतो. आमच्याकडच्या जंगलातली आग चित्रपटातल्यासारखी शेंड्याशेंड्यांवरून क्वचितच धावते; ती बहुधा जमिनीवरून, वाळलेल्या पानांतून, कमरेइतक्या किंवा गुडघ्याइतक्या उंचीने सरकते. म्हणून ती हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझविता येते. झोडपणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ ठेवावयाची आणि आगीच्या तोंडासमोर न जाता बाजूने तिला आवळत आणावयाचे. पायाखाली चटके बसतात, धुराने डोळे सुजतात, आणि बहुतेक वेळा पाणी मैलभर दूर असते. अलीकडे पाने उडविणारी यंत्रे आली आहेत, त्यामुळे पट्टा झाडण्याचे काम हलके झाले. डहाळी मात्र अद्याप कामातून गेलेली नाही.

या पट्ट्यावर राबले कोण? जुने अहवाल ‘इतके मैल रेषा साफ केल्या’ असे कर्मणी प्रयोगात सांगतात आणि कर्ता गाळतात. कर्ता होता वनग्रामातला रहिवासी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खात्याने राखीव जंगलाच्या आत आपल्या सोयीची खेडी वसविली. रहिवाशाला कसावयास जमीन मिळे, आणि तिच्या बदल्यात खाते बोलावील तेव्हा कामास हजर राहण्याचे बंधन त्याच्यावर येई. आग विझविणे हे त्या कामांपैकी एक. पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने हे बंधन अधिक व्यापक केले. त्याच्या ७९ व्या कलमान्वये जंगलात चराईचा वा लाकूडफाट्याचा हक्क असलेल्या प्रत्येकाने आगीची वर्दी देणे आणि ती विझविण्यास मदत करणे हे कर्तव्य ठरले; आणि २६ व्या कलमान्वये आग हेतुपुरस्सर किंवा घोर हयगयीने लागली असेल, तर सरकार त्या जंगलातले चराईचे व वनोपजाचे हक्क वाटेल तितक्या मुदतीसाठी तहकूब करू शकते. म्हणजे काडी एकाने ओढावी आणि उपाशी गावाने राहावे! कायद्याची भाषा रोज वाचणाऱ्या आम्हां लिपिकांनादेखील हे कलम वाचताना क्षणभर थांबावे लागते.

बैगांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. मैकलच्या डोंगरांत राहणारे हे लोक जंगलाचा तुकडा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत बी फेकीत. या शेतीस ते बेवर म्हणतात. नांगराने धरणीमातेची छाती फाडणे त्यांना पाप वाटे. इंग्रजांनी ही आग गुन्हा ठरविली आणि अखेर १८९० साली मंडल्याच्या बाजूस ‘बैगा चक’ नावाचा एक टापू तेवढा त्यांना मोकळा ठेवला. आता पाहा, बैगाही जंगल पेटवीत होता आणि साहेबही जाळरेषा पेटवीत होता. पहिल्याची आग अपराध आणि दुसऱ्याची आग शास्त्र, हा भेद ज्या सहीने पडला ती सही करणारा अधिकारी दोन्ही बाजू सारख्याच जाणत होता, असे मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही.

पुढे शास्त्रालाच शंका येऊ लागल्या. १८९६ साली स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात ब्रह्मदेशात अग्निसंरक्षणाचा अतिरेक होत आहे, असा उघड आक्षेप घेतला. आग पूर्ण बंद केली की दमट रानात सदाहरित झुडपे माजतात, आणि साग-सालाच्या रोपांना उजेड मिळत नाही. बंगालच्या दुआरांतल्या सालवनांतही असाच अनुभव आला. म्हणजे ज्या आगीला रानटीपणा म्हणून हिणविले, तिच्यात काही ठिकाणी तथ्य होते. सर्वच ठिकाणी नव्हे, हेही लगेच सांगितले पाहिजे. दरसाल जळणाऱ्या कोरड्या रानात रोपे वाढतच नाहीत आणि जमीन उघडी पडते.

वेठीविरुद्धचा असंतोष मात्र शास्त्राची वाट पाहत थांबला नव्हता. १९१० साली बस्तरात गुंडाधूरच्या नेतृत्वाखाली भूमकाल झाला. त्याच्या कारणांत जंगले राखीव करण्याचे धोरण हे एक ठळक कारण होते. महानदीचा उगम जेथे आहे त्या सिहावा-नगरी भागात १९२२ साली वनखात्याची वेठ आणि तुटपुंजी मजुरी यांविरुद्ध सत्याग्रह झाला. १९३० च्या जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून जंगलचा कायदा मोडला, हे वऱ्हाडच्या वाचकांस सांगावयास नकोच. त्याच पावसाळ्यात धमतरीजवळ रुद्री-नवागाव येथेही लोक जंगलात शिरले. आपण शाळेत हे प्रसंग स्वातंत्र्यलढ्याचे म्हणून शिकलो, आणि ते तसे होतेच. पण सिहाव्याच्या गोंडाचे पहिले भांडण वेठीशी आणि मजुरीशी होते, हे पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदात मावत नाही.

१९१० या सालावरून आणखी एक गोष्ट आठवते. अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो हा ब्रँडिसला आपला गुरू मानी. जर्मनीत बॉन येथे जाऊन त्याने त्याचे मार्गदर्शन घेतले होते. मध्यप्रांताच्या रानांचा अनुभव असा समुद्रापार गेला. इकडे बस्तर पेटले त्याच वर्षी २० आणि २१ ऑगस्टला अमेरिकेच्या आयडाहो व मोंटाना भागांत सुमारे ३० लाख एकर जंगल दोन दिवसांत जळाले आणि आग विझविणारे ७८ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले बहुतेक गावोगावच्या बाजारांतून घाईने जमविलेले हंगामी मजूर होते. पुलास्की नावाच्या रेंजरने आपल्या तुकडीला एका खाणीच्या बोगद्यात कोंडून वाचविले. एका बाजूस कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूस कुदळ असलेले हत्यार तिकडे आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. नाव राहिले ते रेंजरचे. मजुरांचे नाव हत्याराला कोण देणार?

पेन्शनीचा विषय निघाला की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. किपलिंगच्या मोगलीची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तो वाढला शिवनीच्या रानात, म्हणजे मध्यप्रांतातच. पण ‘जंगल बुक’च्या एक वर्ष आधी, १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत हाच मोगली मोठा होऊन वनखात्यात गार्ड होतो, आणि नोकरी स्वीकारताना त्याला दरमहा वेतनाबरोबरच अखेरीस पेन्शनीचेही आश्वासन मिळते. लांडग्यांनी वाढविलेल्या पोराला कायम नोकरी देताना लेखकाची लेखणी अडखळली नाही. खऱ्या जंगलात हा योग दुर्मीळ. वनरक्षक पगारदार असतो. फायर वाचर नसतो. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी वनविभागाच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात आयुष्य काढले. ते एकदा म्हणाले, “अहो, हजेरीपटावर यांचा अंगठा घ्यावयाचा, तर शाईची गरजच पडत नसे, बोटे आधीच काळी.” आम्ही हसलो, आणि मग दोघेही काही वेळ बोललो नाही. कायम नोकराचे सेवापुस्तक असते. त्यात रजा, वेतनवाढ, वारसाचे नाव, सारे असते. रोजंदाराचा पुरावा म्हणजे हजेरीपट, आणि तो जतन करण्याची मुदत संपली की रद्दीत जातो. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात निर्णय दिला, की नियमित भरतीवाचून कामावर ठेवलेल्या रोजंदारास केवळ दीर्घ सेवेच्या बळावर कायम होण्याचा हक्क पोहोचत नाही. भरतीत सर्वांना समान संधी हवी, हे त्यामागचे तत्त्व आम्ही नाकारीत नाही. आम्ही स्वतः परीक्षा देऊनच आलो आहो. पण वीस उन्हाळे एकाच बीटवर आग झोडपलेल्या माणसास कोणत्या परीक्षेला बसवावयाचे, याचे उत्तर त्या तत्त्वात आम्हांस सापडत नाही.

आज आग शोधण्याचे काम उपग्रह करतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या जागा हेरून राज्यांना कळवीत आली आहे. आता ३७५ मीटरांच्या चौकटीतली आगही तिला दिसते आणि बीटवरच्या माणसाच्या मोबाइलवर संदेश येतो. संदेश आल्यावर मात्र चालत जावयाचे ते पायांनीच. २०२२ च्या मार्चमध्ये छत्तीसगडच्या वनकर्मचाऱ्यांनी ऐन हंगामात संप केला, तेव्हा उपग्रह आपले काम बिनचूक करीत होता. खाली विझविणारे हात कमी पडत होते.

८ एप्रिल २०२१ हा दिवस तर आपल्या महाराष्ट्राचाच. रायपूरहून रेल्वेने तीन-चार तासांवर असलेल्या गोंदियाजवळच्या नागझिरा अभयारण्यात वणवा लागला. दिवसभर झुंजून तो आटोक्यात येत असता वाऱ्याने पुन्हा भडकला, आणि विझविणारे तीन मजूर त्यात सापडून गेले. आणखी दोघे गंभीर भाजले. त्यापूर्वी फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात तीन वनरक्षक मजूर असेच गेले, आणि १३ जून २०२४ रोजी अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात चार वनकर्मचारी जागीच मृत्यू पावले. बिनसरचा तो दिवस जून महिन्याचा होता, म्हणजे हंगाम सरत आलेला.

या सगळ्यात खेड्याला सरसकट दोषी धरण्याची शहरी सवय आहे, तिजविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. चैत्रात मोहाची फुले पहाटे गळतात. झाडाखाली पाचोळा असला तर ती वेचता येत नाहीत, म्हणून बायामाणसे पाचोळ्याला काडी लावतात. तेंदूला कोवळा पाला फुटावा म्हणूनही कोठे कोठे रान जाळले जाते. त्यातली एखादी आग हातची सुटते. मोह आणि तेंदूपाने या दोहोंवर कित्येक घरांचे उन्हाळ्यातले रोख उत्पन्न अवलंबून असते. पुष्कळदा असे होते की सकाळी एका घरची बाई मोहाखाली पाचोळा जाळते आणि दुपारी त्याच घरचा पुरुष फायर वाचर म्हणून डहाळी घेऊन निघतो. कायद्याच्या दृष्टीने एक आरोपी आणि दुसरा शासनाचा माणूस, चूल एकच. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेस आपले जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जेथे गावाला जंगल आपले वाटते, तेथे मोहाखाली काडीऐवजी झाडू किंवा जाळी वापरण्यास गाव आपण होऊन तयार होण्याचा संभव अधिक, असे आमचे मत आहे. वेठीने जे साधले नाही ते धाकाने साधेल, ही आशा दीडशे वर्षांनंतर तरी सोडावयास हरकत नसावी.

१५ जूनला हजेरीपट मिटतो. तोवर बहुधा पाऊस येऊन ठेपलेला असतो, आणि फायर वाचर धानाच्या पेरणीला लागलेला असतो. जाळरेषांवर गवत उगवू लागते. ते दिवाळीपर्यंत पुरुषभर उंच होईल, आणि थंडीत कापून जाळावे लागेल.