बोनापार्टची माघार

गाणी विजेत्यांचीच रचली जातात, असा आपला समज असतो. परंतु अमेरिकेच्या अपालाचियन डोंगराळ प्रदेशात एका पराभूत सम्राटाच्या नावाची धून पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहे. तिचे नाव 'बोनापार्टस् रिट्रीट', अर्थात बोनापार्टची माघार. नेपोलियन १८१२ मध्ये मॉस्कोहून परतला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला हरला; यांतील कोणती माघार अभिप्रेत आहे, हे नावावरून कळत नाही. आयर्लंडमधील एका जुन्या धुनेशी तिचे नाते अभ्यासकांनी जोडले आहे. स्थलांतरितांबरोबर अशा कित्येक धुनी महासागर ओलांडून आल्या आणि कागदाचा आधार न घेता एकाच्या कानातून दुसऱ्याच्या बोटांत उतरल्या.

ही धून मुळात संथ, कूच करणाऱ्या सैन्याच्या चालीची. तेथील खेडूत व्हायोलिनला 'फिडल' म्हणतात. ही धून वाजविताना अनेक वादक त्याच्या दोन्ही कडेच्या तारा सैल करून खाली उतरवीत. त्यामुळे खर्जाचा अखंड घोष घुमत राही आणि दूरच्या बॅगपाइपचा भास होई.

ऑक्टोबर १९३७ मध्ये लोकगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ केंटकी राज्यातील सॅलियर्सव्हिल येथे आले. तेथे साठी ओलांडलेल्या विल्यम हॅमिल्टन स्टेप यांनी तीच धून द्रुत लयीत वाजविली. माघारीची चाल पाहता पाहता नृत्याची झाली! ते ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात गेले. संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी ते लक्षपूर्वक ऐकून स्वरलिपीत उतरविले आणि १९४१ मध्ये 'अवर सिंगिंग कंट्री' या ग्रंथात ती स्वरलिपी प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी आरन कोपलंड यांनी 'रोडिओ' या नृत्यनाट्याच्या अखेरच्या 'हो-डाउन' नृत्यासाठी ती जवळजवळ जशीच्या तशी घेतली. डोंगरातला सूर न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पोहोचला.

१९५७ मध्ये स्टेप निवर्तले. कोपलंड यांचे नाव जगभर झाले; 'हो-डाउन'वर ताल धरणाऱ्या असंख्य श्रोत्यांना मात्र स्टेप हे नाव ठाऊक नव्हते. पुढे स्टीफन वेड यांनी स्टेप यांच्या आयुष्याचा माग काढला आणि २०१२ मध्ये आपल्या ग्रंथात त्यांची कहाणी सांगितली. लोककला सर्वांची असते, हे खरेच. म्हणून ती जपणारा हात अनामिक राहावा, असे मात्र नव्हे. सम्राटाचे नाव धुनेने राखले. धून राखणाऱ्याचे नाव राखणे, हे ऐकणाऱ्यांचे ऋण आहे.