सकळ लिपी आणि शाळेतली पेटी

भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, ‘जाळीचा देव’ हे महानुभाव पंथाचे प्रसिद्ध स्थान आहे. त्या बाजूच्या एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर विज्ञानाच्या बाईंनी मुख्याध्यापकांच्या खोलीतली एक काळी पेटी दाखवली. आत दोन हार्ड डिस्क, मागे शाळेच्या नेटवर्कची तार. जुनी हजेरीपत्रके, निकाल, मुलांनी काढलेली गावातल्या वीरगळांची छायाचित्रे, सारे तिच्यात साठवलेले. बाईंनी विचारले, “सर, ही पेटी मला जालन्याहून, घरी बसून उघडता येईल का? पण दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये.”

दुसरे वाक्य त्यांनी उगीच जोडले नव्हते. पूर्वी कुणीतरी राउटरमध्ये एक दार उघडून ती पेटी थेट इंटरनेटवर ठेवून दिली होती. एका सकाळी सगळ्या फायली कुलूपबंद झालेल्या दिसल्या. सोबत खंडणीची चिठ्ठी. असे काही त्यांच्याच नशिबी आले असे नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातल्या अशा हजारो उघड्या पेट्या याच रीतीने बंद केल्या होत्या.

परतीच्या वाटेवर मनात आले, की बाईंचा प्रश्न या मुलखाला नवा नाही. ज्ञान एका जागी साठवायचे, दूरच्या आपल्या माणसांना ते मिळू द्यायचे आणि मधली वाट परक्यांची, ही अडचण महानुभावांपुढे सातशे वर्षांपूर्वी उभी होती.

चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस गोळा केल्या. तोच ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. पुढे पंथाचे ग्रंथ वाढले, मठ दूरदूर पसरले. पंजाबात तर हा पंथ ‘जयकृष्णी’ या नावाने रुजला. पोथी एका मठातून दुसऱ्या मठात जायची ती माणसाच्या पाठीवरून, कुणाच्याही हाती पडू शकेल अशा रस्त्याने. चौदाव्या शतकापासून पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी अशी त्यांची नावे आहेत. सर्वांत जास्त वापरली गेली ती सकळ लिपी. तिचे कर्तृत्व रवळोबासांना देतात. पवित्र वचन अनधिकाऱ्याच्या तोंडी जाऊ नये हा हेतू होताच. विरोधकांपासून बचाव हाही असावा.

तत्त्व साधे होते: एका अक्षराच्या जागी दुसरे ठरलेले अक्षर किंवा चिन्ह. ही कल्पना आपल्याकडे त्याहून जुनी आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ सांगितला आहे आणि त्यावरील यशोधराच्या टीकेत ‘मूलदेवीय’ ही रीत येते. तिच्यात च–ट, त–प, न–म, य–श, र–ष, ल–स अशा जोड्या असून जोडीतली अक्षरे एकमेकांची जागा घेतात. ज्यांना जोडी नाही ती तशीच राहतात. म्हणजे ‘जालना’चे होते ‘जासमा’. वर्गात मुलांना आपापल्या गावांची नावे अशी लिहायला सांगून पाहा. तास कधी संपला ते कळणार नाही.

पण मग दुसऱ्या दिवशी त्यांना असा एक पानभर मजकूर जोडीपत्रकाशिवाय सोडवायला द्या. नवव्या शतकात बगदादच्या अल्‌-किंदीने दाखवून दिले होते, की अक्षर बदलले तरी त्याची वारंवारता बदलत नाही. जे चिन्ह फार वेळा येते ते भाषेतल्या नेहमीच्या अक्षराचेच असणार. त्यातून ‘लीळाचरित्रा’त ‘गोसावी’ हा शब्द पानोपानी! विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची फोड केली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास दोनशे पाने मागे सरकला म्हणा ना. वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांचे पुढचे काम त्यामुळे शक्य झाले. आपल्या दृष्टीने ते भाग्यच. गुप्ततेच्या दृष्टीने मात्र पाहा: एक तक्ता कळला आणि त्या लिपीतल्या सगळ्या मठांच्या सगळ्या पोथ्या एकदम उघडल्या.

इथे रीत आणि किल्ली एकच होती. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने सांगितले, की रीत शत्रूला ठाऊक झाली तरी चालले पाहिजे. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आजचे व्हीपीएन याच तत्त्वावर चालते. तुमचे पत्र आतल्या पाकिटात सांकेतिक रूपात बंद होते, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात जाते. वाटेवरच्या यंत्रांना वरचा पत्ता आणि पाकिटाचे वजन दिसते, मजकूर नाही.

मग किल्ली कशी पोचवायची? पंथाकडे उत्तर होते: गुरूने शिष्याला, समोरासमोर. सैन्ये आणि वकिलाती शतकानुशतके हेच करीत आल्या. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवले, की परक्यांदेखत बोलूनही दोघांची एक गुप्त संख्या ठरवता येते. (ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन खात्यात ही रीत थोडी आधी सापडली होती, पण ते जाहीर झाले १९९७ मध्ये. गुप्ततेचा हाही एक तोटा.)

फळ्यावर करून पाहा. ५ आणि २३ या संख्या सर्वांना माहीत आहेत. सुमन मनात ७ धरते. ५ चा सातवा घात ७८१२५, त्याला २३ ने भागून बाकी १७. ती १७ मोठ्याने सांगते. रफिक मनात ३ धरतो. ५ चा घन १२५, बाकी १०. तो १० मोठ्याने सांगतो. आता सुमन १० चा सातवा घात घेऊन २३ ने भागते, बाकी १४. रफिक १७ चा घन, म्हणजे ४९१३, घेऊन भागतो. बाकी तीच, १४. वर्गाने १७ आणि १० ऐकले, १४ कुणी उच्चारले नाही. संख्या इतक्या लहान असतील तर चतुर मुलगा ती शोधेल. प्रत्यक्षात त्या पाऊणशे अंकी किंवा त्याहूनही मोठ्या असतात.

एक फट उरते. सुमनला कसे कळणार की १० सांगणारा रफिकच आहे? मधे बसलेला तिसरा दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवू शकतो. गणित इथे मदत करते, पण ओळख आधी कुठेतरी पटलेली असावी लागते. ‘वायरगार्ड’ ही व्हीपीएनची रीत २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. तिच्यात प्रत्येक यंत्राची एक खाजगी आणि एक जाहीर किल्ली असते; ज्यांच्या जाहीर किल्ल्या यादीत आहेत त्यांनाच उत्तर मिळते. अनोळखी हाकेला ती ओ सुद्धा देत नाही.

पुढच्या खेपेस आम्ही तेच केले. राउटरमधले जुने दार बंद केले. इंटरनेट कंपनीने शाळेला स्वतंत्र पत्ता दिलेला नव्हता, तो मागून घ्यावा लागला. त्यातच पंधरवडा गेला. मग एका जुन्या संगणकावर वायरगार्ड बसवले आणि बाईंच्या फोनची जाहीर किल्ली पेटीशेजारी बसूनच यादीत लिहिली. फोन हरवला तर तेवढी एक ओळ खोडायची. बाकीच्यांच्या किल्ल्या चालू राहतात. सकळ लिपीला ही सोय नव्हती.

पंथाची परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी हरवली. लिपी कितीही गूढ असली तरी हरवलेली पोथी ती परत आणत नाही. हिराइसा नावाच्या शिष्येला लीळा मुखोद्गत होत्या, म्हणून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. इतरांनीही आपापल्या आठवणीतून पाठ सिद्ध केले आणि पाठभेद झाले ते त्यामुळे.

शाळेच्या फायली परत मिळाल्या त्या खंडणी देऊन नव्हे. निवृत्त झालेल्या एका लेखनिकांनी जाण्यापूर्वी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली होती. तिच्यात शेवटचे चार महिने नव्हते. ते बाईंनी मुलांच्या वह्यांवरून पुन्हा भरले.