दाराच्या कपाळपट्टीवरील तीन अक्षरें

आपल्या लोकांत दाराला मोठा मान आहे. सणासुदीस उंबरठा धुवावा, चौकटीस रंग द्यावा, आंब्याच्या पानांचें तोरण बांधावें, नाताळांत दारावर कागदी तारा टांगावा, हें वाचकांस सांगावयास नको. परंतु जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांतील कॅथॉलिक घरांचें दार सजविण्याची एक अगदीं साधी रीत आहे. तिची हकीकत या ज्युबिलीच्या अंकांत देणें आम्हांस उचित वाटतें. कारण दारावरील खूण ही प्रार्थना कीं तोडगा, हा जुना वाद तिच्यांत सांपडतो.

६ जानेवारी, म्हणजे तीन राजांचा सण. त्या सुमारास तेथील मुलें डोक्यास मुगुट घालून व काठीवर तारा घेऊन दारोदार गात फिरतात, आणि निघतांना दाराच्या कपाळपट्टीवर खडूनें एक ओळ लिहितात. २०२६ सालची ओळ अशी: आरंभीं २०, शेवटीं २६, मध्यें सी, एम, बी हीं तीन रोमन अक्षरें, पहिल्या अक्षराआधीं तारा व प्रत्येक अक्षरानंतर एक क्रूस. खडू बाजारचाच असतो, पण धर्मगुरूंनीं मंत्रिलेला. त्याच्या आशीर्वादाची प्रार्थना रोमन विधिपुस्तकांत आहे.

दारावर खूण करण्याची कल्पना मात्र फार जुनी. मिसर देशांतून निघण्याच्या रात्रीं इस्राएल लोकांनीं कोंकराचें रक्त एजोबाच्या जुडीनें दाराच्या दोन्ही बाह्यांस व कपाळपट्टीस लाविलें, ही निर्गमांतील कथा सर्वांस ठाऊक आहे.

आतां हीं अक्षरें कोणाचीं? मत्तय पूर्वेकडील मागी लोक आले एवढेंच सांगतो. ते किती होते, राजे होते काय, त्यांचीं नांवें कोणतीं, याविषयीं शुभवर्तमानांत एक शब्द नाहीं. नजराणे तीन, म्हणून मागी तीन. आणि कास्पार, मेल्किओर व बाल्थासार हीं नांवें परंपरेनें मागाहून दिलीं. ११६४ सालीं कोलोनचे आर्चबिशप राइनाल्ड यांनीं या तिघांचे म्हणून मानलेले अवशेष मिलानहून आपल्या शहरीं आणिले. यात्रेकरूंची रीघ लागली, आणि १२४८ सालीं तेथें नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला. कळस चढावयास १८८० साल उजाडलें! ही राजांची भक्ति जर्मन मुलखांत खोल रुजली, व त्यांच्या नांवांचीं आद्याक्षरें दारांवर आलीं.

पण लोक भोळे. घरावर लिहिलें तें गोठ्यावरही लिहिलें. आगीपासून, रोगापासून, चेटकापासून बचाव व्हावा म्हणून तींच नांवें चिठ्ठीवर लिहून जवळ बाळगूं लागले. प्रार्थनेचा ताईत झाला. गाणारांचेंही तसेंच. सोळाव्या शतकापासून गरीब मुलें व कारागिरांचे उमेदवार हीं गाणीं गाऊन चार घास मिळवीत; पुढें सरकारी अंमलदारांस ती भीक वाटली, आणि कांहीं ठिकाणीं बंदी झाली. उपाशी पोराच्या गाण्यावर बंदी घालणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं, पण तें असो.

हल्लीं त्या अक्षरांचा अर्थ लॅटिन वाक्यानें लावतात: "क्रिस्तुस मान्सिओनेम बेनेदिकात", म्हणजे ख्रिस्त या घरास आशीर्वाद देवो. जाणते म्हणतात कीं हा अर्थ मागाहून बसविलेला आहे. असेल; मागाहून आला म्हणून तो खोटा ठरत नाहीं. ज्या अक्षरांकडे लोक ताईत म्हणून पाहत, त्यांस या वाक्यानें पुन्हां प्रार्थना केलें. गाण्याचेंही रूप पालटलें. ऑस्ट्रियांत १९५४ पासून व जर्मनींत १९५९ पासून मुलें स्वतःसाठीं न मागतां जगांतील गरजू लोकांसाठीं मागतात, आणि जर्मन मुलांनीं आजवर एक अब्ज युरोंहून अधिक रक्कम जमविली आहे.

आपल्याकडेही हे राजे परके नाहींत. गोव्यांत बार्देशांतील रेइश मागुश येथील १५५५ सालचें देऊळ त्यांच्याच नांवाचें आहे, आणि तेथें, तसेंच चांदोर व कासावली येथें, तीन मुलगे राजवेषांत मिरवत देवळांत जातात. दारावर खडूनें लिहिण्याची चाल मात्र आपल्याकडे तशी रुळलेली नाहीं.

ती ओळ ऊनपावसानें वर्षभरांत पुसट होते, व पुढल्या जानेवारींत तिच्याच जागीं नवें साल चढतें. अलीकडे पुष्कळ घरीं खडूऐवजीं छापील पट्टी चिकटवितात. नुकत्या रंगविलेल्या दारास डाग पडूं नये ही घरधन्याची काळजी आम्हांस कळते. तरी आम्हांस खडूच बरा वाटतो, कारण तो लिहिणारा हात दरवर्षीं दाराशीं यावा लागतो.