खरे बोलल्याचा दंड

मराठी भाषा म्हणींनी समृद्ध आहे, आणि त्या म्हणींत आपल्या पूर्वजांचे शहाणपण साठलेले आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खोटे नाही. तथापि, श्रोतेहो, त्याच म्हणी थोडा वेळ परक्याच्या कानाने ऐकून पाहाव्यात. कारभारात ढिलाई झाली, की आपण 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते' असे म्हणतो. सामान्यांच्या मेळाव्यात एखादा थोडा बरा निघाला, तर 'वासरांत लंगडी गाय शहाणी' हे ठरलेलेच. दोघांचे एकमेकांशी जमेना, की झाली 'आंधळ्या-बहिऱ्यांची गाठ'. आणि हे म्हणींपाशी थांबत नाही. हाक ऐकू न गेलेल्या माणसाला 'बहिरा आहेस काय', हिशेब चुकलेल्या पोराला 'मतिमंद', आणि आपले मत न पटणाऱ्या शेजाऱ्याला 'ठार वेडा' म्हणावयास आपल्याला क्षणाचाही विचार करावा लागत नाही.

असे बोलणारा बहुधा दुष्ट नसतो. कोणी हटकले तर त्याच्याजवळ दोन सबबी तयार असतात. पहिली अशी, की 'लंगड्याला लंगडा म्हटले, त्यात खोटे काय?' आणि दुसरी अशी, की 'थट्टेने म्हटले, एवढे मनावर काय घ्यायचे?' या दोन्ही सबबी फार जुन्या आहेत. त्या इतक्या जुन्या आहेत, की या देशातील न्यायशास्त्राने त्यांचा विचार पुष्कळ शतकांपूर्वी करून ठेवला आहे.

मी ज्या होसकोट्यातून हे बोलतो आहे, ते गाव बंगळूरच्या पूर्वेस आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर आणि कोलार यांच्याबरोबर होसकोटेही मोडत असे, आणि तेव्हापासून या मुलखात मराठी बोलणारी घरे आहेत. येथून नैर्ऋत्येस म्हैसूरला जावे. तेथील प्राच्य ग्रंथालयात तंजावर भागातील एका पंडिताने एक जुने हस्तलिखित आणून दिले. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी त्याचा अभ्यास करून १९०९ मध्ये ते प्रसिद्ध केले. तो ग्रंथ म्हणजे कौटिल्याचे अर्थशास्त्र. राजनीती, हेर आणि कर यांमुळे त्याची कीर्ती झाली. पण त्याच्या तिसऱ्या अधिकरणात 'वाक्पारुष्य', म्हणजे जिभेने केलेली मारहाण, या विषयाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, याची आठवण क्वचितच निघते.

त्या अध्यायाचा आशय थोडक्यात असा. एखाद्याला त्याच्या शरीराच्या उणिवेवरून काणा किंवा लंगडा म्हणून हिणवले आणि ती उणीव खरीच असली, तरी ३ पण दंड. उणीव नसताना तसे म्हटले, तर ६ पण. आणि एका डोळ्याच्या माणसाला 'काय सुंदर डोळे आहेत' असे उपरोधाने म्हटले, तर १२ पण. कुष्ठ, उन्माद यांवरून केलेल्या निंदेला दंड १२ पणांपासून चढता. अनवधानाने, नशेत किंवा भ्रमात कोणी असे बोलला, तर दंड निम्मा होतो. माफ होत नाही.

या आकड्यांचा क्रम विचार करण्यासारखा आहे. 'खरेच तर बोललो' ही सबब कौटिल्याने ऐकून घेतली आणि दंड कायम ठेवला. 'थट्टेने बोललो' ही सबबही त्याने ऐकली आणि दंड चौपट केला. कारण उघड आहे. शिवी देणारा निदान समोरासमोर वार करतो; उपरोध करणारा वार करतो आणि वर चारचौघांना हसावयास बोलावतो. ज्याच्यावर वार झाला, त्याने रागवावे तरी पंचाईत आणि हसावे तरी पंचाईत.

हा एकट्या कौटिल्याचा विचार नव्हे. मनुस्मृतीतही खरे असले तरी काणा, लंगडा म्हणणाऱ्यास किमान एक कार्षापण दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत अवयव किंवा इंद्रिय उणे असलेल्या आणि रोगी माणसाची खरे बोलून, खोटे बोलून किंवा उलट्या स्तुतीने, कोणत्याही प्रकारे हेटाळणी केली, तरी साडेबारा पण दंड आहे. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटीत, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस अथवा बाराव्याच्या आरंभी, ती सिद्ध झाली. ते कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कानडी घरांतील वाटण्या आणि वारसे पुढे कित्येक शतके ज्या ग्रंथाच्या आधारे ठरले, तो हा ग्रंथ.

येथपर्यंतचा इतिहास आपणांस सुखावणारा आहे. पण इतिहास सांगावयाचा तर अर्धा सांगून भागत नाही. कौटिल्याचा दंडही सर्वांना सारखा नव्हता. अपमान झालेला माणूस वरच्या दर्जाचा असेल तर तो दुप्पट होई आणि खालच्या दर्जाचा असेल तर निम्मा. याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ज्या याज्ञवल्क्य स्मृतीने आंधळ्याला हिणवणाऱ्यास दंड केला, त्याच स्मृतीने आंधळा, पांगळा, उन्मत्त, जड आणि असाध्य रोगी यांना वडिलार्जित मालमत्तेत वाटा नाही, त्यांना केवळ पोसावे, असेही सांगून ठेवले. मिताक्षरेने तो नियम पुढे चालविला. एका हाताने अपमानाची भरपाई आणि दुसऱ्या हाताने वारशाची जप्ती, असा हा विलक्षण न्याय होता.

हे लक्षात घेतले म्हणजे 'आंधळा', 'पांगळा', 'जड' हे शब्द इतके का बोचतात, याचा उलगडा होऊ लागतो. ते नुसते शरीराचे वर्णन नव्हते. तो एक निवाडा होता. तो शब्द एखाद्याच्या नावापुढे लागला, की त्याचा वाटा जाई, घरातील त्याचे मत जाई आणि तो भावाच्या ताटातील उरल्यासुरल्याचा धनी होई. १९२८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील मिताक्षरा कुटुंबांत ही बंदी बहुतांशी उठविली; तरीही जन्मापासून वेडे अथवा जडबुद्धी असलेल्यांना त्यातून वगळलेच होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने मात्र कोणताही रोग, दोष किंवा व्यंग वारशाच्या आड येणार नाही, असे स्पष्ट केले. निवाडा रद्द झाला. शब्द मात्र राहिले, आणि त्यांच्यात त्या निवाड्याची धग राहिली.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने ही धग पाहावयास मिळते. वडिलांच्या पश्चात जमिनीवर वारसांची नावे लावावयाची असतात. यादीत एका भावाचे नाव नसते. विचारल्यावर उत्तर येते, 'तो काय साहेब, वेडाच आहे.' कायदा बदलून सत्तर वर्षे होत आली, पण त्या एका शब्दाने जुनी मिताक्षरा पुन्हा जिवंत होते. सांगणाऱ्याला आपण कोणाचे काही हिरावून घेत आहोत असे वाटतही नाही. त्याने लहानपणापासून तो शब्द 'ज्याला मोजावयाचे नाही असा माणूस' याच अर्थाने ऐकलेला असतो. दैनंदिन बोलण्यातील हेटाळणीने होणारी खरी हानी ही आहे. मन दुखावते हे तर आहेच. पण ज्याला रोज शब्दाने वगळले जाते, त्याला यादीतून वगळताना हात अडखळत नाही.

मग शब्दच बदलले तर? हा उपाय मनुष्यजातीने पुष्कळदा करून पाहिला आहे. बंगळूरचेच उदाहरण घ्यावे. १८४७ मध्ये येथे वेड्यांसाठी एक आश्रयस्थान निघाले. त्याच्या इंग्रजी नावातच वेडेपणा होता. १९२५ मध्ये त्याचे 'मेंटल हॉस्पिटल' झाले. १९५४ मध्ये त्याच्या जोडीला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली आणि १९७४ मध्ये दोन्ही मिळून आजची 'निम्हान्स' ही नामांकित संस्था झाली. नाव प्रत्येक वेळी अधिक सभ्य होत गेले. परंतु पुण्यात 'याला येरवड्याला पाठवा' आणि मुंबईत 'ठाण्याला पाठवा' म्हणून जी थट्टा होते, तीच बंगळुरात 'निम्हान्स'च्या नावाने होते. जेथे दुःखी माणसाने निःसंकोचपणे जावे, त्या जागेचे नावच शिवी झाले, तर तो तेथे जाणार कसा? घरचे लोक त्याचा आजार लपवितात आणि उपचाराचा काळ निघून जातो.

इंग्रजीतही हेच घडले. 'इडियट' आणि 'इम्बेसाइल' या आज सर्रास दिल्या जाणाऱ्या शिव्या १९१३ च्या ब्रिटिश कायद्यात मनोदौर्बल्याच्या रीतसर पायऱ्या होत्या. इंग्लंडमध्ये मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी काम करणाऱ्या स्पॅस्टिक्स सोसायटीला १९९४ मध्ये आपले नाव टाकून 'स्कोप' हे नाव घ्यावे लागले. शाळेच्या मैदानावर तिच्या नावातील शब्द मुले एकमेकांना चिडविण्यासाठी वापरू लागली होती. आपल्याकडील 'मतिमंद' हा शब्दही मुळात जुने कठोर शब्द टाळण्यासाठी पुढे आला. आज त्याची काय गत झाली आहे, हे कोणत्याही शाळेच्या मधल्या सुटीत ऐकावे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये त्याच नावाने स्वतंत्र विभागही स्थापन केला. कर्नाटकात सरकारी कानडीत 'विकलचेतन' म्हणतात. 'दिव्यांग' शब्दाला अपंगांच्याच काही संघटनांनी हरकत घेतली. आमच्यात दिव्य असे काही नाही, आम्हांस देवत्व नको, हक्क हवेत, असे त्यांचे म्हणणे. ते विचारात घेण्यासारखे आहे. नवा शब्द हे नवे भांडे आहे. आत जुनेच ताक ओतले, तर तेही आंबावयाचेच.

याच्या उलट, जुना आणि कठोर शब्दही सन्मानाने वागविला तर निवळतो. कोल्हापूर, सांगली आणि उत्तर कर्नाटकात हेळवी समाज आहे. कानडीत 'हेळव' म्हणजे लंगडा. पण हा समाज पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळीत आला. दारात हेळवी आला, की घरची मंडळी आपल्या खापरपणजोबांची नावे ऐकावयास आदराने बसत. शब्दाचा अर्थ तोच, पण त्याच्याशी विद्या जोडली गेली आणि त्यातील विष उतरले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्यास जी संस्था स्थापन केली, तिचे नाव 'महारोगी सेवा समिती'. 'महारोगी' हा शब्द ऐकून लोक दार लावून घेत, त्या काळी तो शब्द 'सेवा' आणि श्रम यांच्या पंगतीला बसविला गेला. विदर्भातील गुलाबराव महाराज अगदी तान्ह्या वयात दृष्टी गमावून बसले. १९१५ मध्ये ऐन तारुण्यात त्यांचा अंत झाला, तोवर त्यांनी विपुल ग्रंथरचना केली होती. महाराष्ट्र त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो. ही उपरोधाची स्तुती नव्हे, खरी स्तुती आहे. कारण ती त्यांच्या कामाकडे पाहून केलेली आहे.

तेव्हा प्रश्न शब्दकोशाचा नसून वापराचा आहे. आंधळ्या माणसास दिसत नाही, असे सांगण्यात अपमान नाही. निष्काळजी माणसास 'आंधळा' म्हणण्यात मात्र दोघांविषयी खोटे बोलले जाते. निष्काळजी माणसाला डोळे असतात. ते तो उघडीत नाही, हा त्याचा दोष. दृष्टिहीन माणूस तर पावलापावलाला सावध असतो. ज्याची दक्षता आपण शिकावी, त्यालाच आपण बेफिकिरीची उपमा करून टाकतो. हाच न्याय 'बहिरे प्रशासन', 'लंगडी सबब', 'पांगळे धोरण' यांनाही लागू आहे. आमच्या येथील मराठी घरांत तर ही उधळपट्टी दुहेरी चालते. मराठीत 'आंधळा', 'बहिरा' आहेतच, शिवाय रस्त्यावरून कानडीतले 'कुरुड' आणि 'किवुड' हेही मुले घरी घेऊन येतात. दोन भाषा येण्याचे भाग्य लाभले असताना दोहोंतून प्रथम वेचावयाचे ते हेच काय?

आजचा कायदा कौटिल्याच्या तीन पणांच्या पुष्कळ पुढे गेला आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्याच्या ९२ व्या कलमानुसार अपंग व्यक्तीस कमीपणा आणण्याच्या हेतूने चारचौघांत तिचा अपमान करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ८ जुलै २०२४ रोजी एका चित्रपटासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही अपंगत्वाला हसणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यावयास लावणारा विनोद यांतील फरक स्पष्ट केला, आणि माणसाला हीन लेखणारे शब्द टाळण्याविषयी चित्रपटकारांस मार्गदर्शन केले. म्हणजे थट्टेची सबब पुन्हा एकदा न्यायासनापुढे आली, आणि पुन्हा तिचे कसोशीने मोजमाप झाले.

परंतु ओसरीवर, बसच्या रांगेत आणि कचेरीच्या टेबलापाशी कलम ९२ हजर नसते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आणि १३ लाखांहून अधिक कर्नाटकात. आपण एखादी म्हण सहज बोलून जातो, तेव्हा ती ऐकणाऱ्यांत त्यांच्यापैकी कोणी, किंवा त्यांच्यापैकी कोणाची आई, बसलेली असण्याचा संभव किती आहे, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. निष्काळजीपणाला निष्काळजीपणा म्हणावे, हट्टाला हट्ट म्हणावे आणि चुकीला चूक म्हणावे. मराठीत या प्रत्येकासाठी नेमका शब्द आहे. आणि माणसाला हाक मारावयाची झाली, तर त्याच्या आईवडिलांनी बारशाला त्याचे नाव ठेवलेले असते. ते विचारून घ्यावे.